पत्रिकेवर छापलेलं नाव

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार जुन्या जालन्यातल्या बेकरीवाल्या चाचांचे आहेत. आई-वडिलांचे उपकार मोजायचे नसतात, म्हणून ते बाजूला ठेवतो. बाकी ज्यांनी ज्यांनी हात दिला त्यांची यादी केली तर पहिलं नाव चाचांचं. ते नाव मी इथे लिहीत नाही. का, ते पुढे कळेल. खरं तर हे सगळं लिहिणं त्या एका नावाबद्दलच आहे.

मी वाढलो अंकुशनगरला, साखर कारखान्याच्या वसाहतीत. वडील कारखान्यात हंगामी कामाला होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. मी बी.एस्सी.ला जालन्यात आलो तेव्हा वडिलांनी ओळखीतून एक खोली मिळवली, बेकरीच्या माळ्यावरची. खाली भट्टी, वर मी. थंडीत फरशी उबदार लागायची आणि एप्रिलमध्ये तिच्यावर पाय ठेववत नसे.

बेकरीत पावासाठी बाजारचं यीस्ट असायचं. खमिरी रोटीसाठी मात्र चाचा स्वतःचं खमीर ठेवत. चिनी मातीची बरणी, तोंडाला मलमलीचं फडकं. रोज सकाळी त्यातलं निम्मं काढून घ्यायचं आणि उरलेल्याला आटा आणि कोमट पाणी द्यायचं. ही बरणी त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली होती. मी पहाटे अभ्यासाला उठायचो, ते त्यांना वरच्या दिव्यावरून कळायचं. एके दिवशी जिन्यातून हाक आली.

"ओ कॉलेज! जागा है तो खाली ये. हात धू के ये."

त्या दिवसापासून पदवी हातात येईपर्यंत बरणीला आटा देणं हे माझं काम झालं. पगार असा काही नव्हता. चहा, दोन रोट्या, आणि चाचांची बोलणी.

"पानी कितना गरम किया?"

"कोमट आहे, चाचा."

"तेरा कोमट की मेरा कोमट? कोपर बुडव. तान्ह्या लेकराला आंघोळ घालतात तेवढं. त्याच्यावर गेलं की खमीर मेलं."

मी दर दहा मिनिटांनी फडकं उचलून बघायचो. ते आटा मळता मळता ओरडायचे, "जल्दी तेरे को है. उसको न्हाई."

दुसऱ्या वर्षी मी रसायनशास्त्रात नापास झालो. वसाहतीत पहिला कॉलेजात गेलेला मुलगा म्हणून सगळे मला ओळखत होते, आता कोणत्या तोंडाने जायचं हे कळेना. तरी पेटी भरली. गळीत हंगाम तोंडावर होता, वडिलांसोबत कामाला लागायचं ठरवून टाकलं. पेटी घेऊन जिना उतरत होतो तर चाचा खाली उभे.

"किधर?"

"गावाकडं."

"कायकू?"

मी सांगितलं. त्यांनी पेटी माझ्या हातातून घेतली आणि पिठाच्या पोत्यांमागे ठेवून दिली. मग मला मोपेडच्या मागे बसवून कॉलेजात नेलं. पुन्हा परीक्षेला बसायच्या फॉर्मसाठी रांग होती. ओळखीची मुलं दिसली तसा मी लाजेनं झाडाखाली थांबलो. रांगेत चाचा उभे राहिले, अंगावर पिठाने पांढरी झालेली बनियन, वरून शर्ट, बटणं उघडी. खिडकीशी पोचल्यावर त्यांनी मला हाक मारली. फॉर्मवर पालकाची सही लागत होती. "मैं करूं क्या?" त्यांनी मला विचारलं, मी मान डोलावली.

क्लार्कने विचारलं, "तुम्ही कोण यांचे?"

"चाचा."

क्लार्कने माझं आडनाव बघितलं, त्यांची टोपी बघितली. "सख्खे का?"

"रोज मेरा पाव खाता है. अब सख्खा समझो नहीं तो सौतेला. सही किधर करनी वो बोलो."

त्यांनी उर्दूत सही केली. उजवीकडून डावीकडे जाणारी, शेवटी एक लांब शेपूट. तो फॉर्म भरला म्हणून मी पदवीधर झालो. यात काडीची अतिशयोक्ती नाही.

पदवीनंतर मला एका बियाणे कंपनीच्या उगवण तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. ओल्या कागदाच्या गुंडाळीत शंभर बिया मांडायच्या, ठराविक उबेत ठेवायच्या आणि इतक्या दिवसांनी मोड मोजायचे. लोकांना हे काम कंटाळवाणं वाटतं. मला कधीच वाटलं नाही. कोरडा दाणा सकाळी फुगतो आणि दुसऱ्या दिवशी त्यातून पांढरं टोक बाहेर येतं, हे मी हजारो वेळा बघितलं असेल आणि अजूनही बघतो.

कंपनीने एकदा आम्हाला प्रशिक्षणाला बंगळुरूला पाठवलं. तिथे संध्याकाळी सोबतच्यांनी एका हॉटेलात नेलं, जिथे काचेमागे मोठ्या टाक्यांत बिअर तयार होत होती. पिण्यात मला फारसा रस नव्हता. मी आपला काचेला नाक लावून उभा. तिथल्या माणसाने ओंजळभर दाणे दाखवले आणि मी चकितच झालो. त्यांनी जवाला मोड आणले होते! मोड आणून वाळवलेले, हलके भाजलेले जव. मग कोमट पाणी, मग उकळी, मग निववून त्यात खमीर. अर्धं काम माझ्या नोकरीचं आणि अर्धं चाचांच्या बरणीचं. मला कोणीतरी माझ्याच घरचा पदार्थ परमुलखात वाढावा तसं झालं. आमची आई ज्वारीचं पीठ रात्रभर आंबवून अंबील करायची, तिचाच हा लांबचा नातेवाईक.

परत आल्यावर जुन्या जालन्यातल्या धान्याच्या ठोक दुकानात गेलो. दुकान एका मारवाडी सेठचं. त्यांचा मुलगा कॉलेजात माझ्यासोबत होता.

"सेठ, जव आहेत का?"

"आहेत की. पण नवरात्राला टाइम आहे अजून."

"घटासाठी न्हाई. मला मोड आणायचेत."

"किती देऊ? पावशेर?"

"दहा किलो."

सेठनी चष्मा वर केला. "दहा किलो? किती देव्या बसवून राह्यले घरी?"

पुढची दोन वर्षं आमच्या स्वयंपाकघराने फार सोसलं. गोणपाटावर जव पसरून पाणी मारायचं, मोड आले की गच्चीवर वाळवायचे, मिक्सरमध्ये भरडायचे, मोठ्या पातेल्यात तासभर कोमट ठेवायचे. कडूपणासाठी हॉप्स नावाची वाळवलेली फुलं लागतात. ती मिळेनात म्हणून मी कडुनिंब घालून बघितला. त्या घोटाची आठवण आली तरी अजून जीभ आत ओढली जाते. बायको शेजारणींना सांगायची, "लोकायचे नवरे बाहेर जाऊन पितात. माझा नवरा आठ दिवस राबतो, दोन घोट घेतो अन् वहीत लिहितो, नापास."

एका रविवारी दुपारी आम्ही जेवत असताना फळीवरच्या बाटल्या एकामागे एक फुटल्या. सासूबाई आलेल्या होत्या. त्यांच्या ताटात फेस पडला. बायको एवढंच म्हणाली, "वाढा आता त्यांना अजून."

मी एका डब्यात ते पाणी घेऊन चाचांकडे गेलो. खमीर कुठे चुकतंय हे सांगणारा माणूस मला दुसरा माहीत नव्हता. चाचांनी डबा नाकाजवळ नेला आणि लगेच हात लांब केला.

"जौ है?"

"हौ."

त्यांनी झाकण लावून डबा माझ्यासमोर ठेवला. मग म्हणाले, "इसके आगे का मेरे को नक्को सांगू. खमीर का पूछ, बताता."

"बाटलीत भरलं की फुटतंय."

"तोंड बंद कायकू किया? उसका काम खत्म न्हाई हुआ अभी. जिवंत चीज है. कोंडलं तर लाथ मारणारच."

तेव्हापासून मी फक्त खमिराचं विचारायचो. ते फक्त खमिराचं सांगायचे. पाणी, ऊब, स्वच्छता, किती दिवस वाट बघायची. बाकी विषय आमच्यात कधी निघाला नाही. त्यांच्या त्या गप्प राहण्याचा मी अर्थ काय लावला? चाचांची आपल्या कामाला हरकत नाही, असा. गप्प बसणाऱ्या माणसाच्या तोंडी आपल्याला हवा तो शब्द घालणं फार सोपं असतं.

तिसऱ्या वर्षी जमलं. निम्मे जव आणि निम्मी मोड आणलेली ज्वारी, जरा जास्त भाजलेली. भाकरीचा पापुद्रा तव्यावर थोडा करपतो, तशी चव आली. सेठचा मुलगा, माझा कॉलेजातला मित्र, घरी आला होता. त्याचं शहराबाहेर गार्डन रेस्टॉरंट आहे. त्याने एक पेला पिऊन दुसरा मागितला. मग विचारलं, "परवाना?"

"घरी प्यायला कायचा परवाना?"

तो हसायलाच लागला. "अरे, घरी बनवायलाही लागतो. हातभट्टीवाल्याला काय म्हणून पकडतात मंग?"

मला खरंच माहीत नव्हतं. वाचलं, विचारलं, आणि खरं निघालं. त्याच दुपारी जेवढं होतं नव्हतं ते सगळं मोरीत ओतलं. दोन दिवस घराला बेकरीसारखा वास येत होता. सोमवारी रजा टाकून मी उत्पादन शुल्काच्या कार्यालयात गेलो आणि तिथल्या साहेबांना सगळं खरं सांगितलं. काय केलं, कसं केलं, कधी थांबवलं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "या खुर्चीसमोर लोकांना पकडून आणावं लागतं. स्वतःच्या पायानं आलेले तुम्ही पहिलेच. आता काय करायचं तुमचं?"

"परवाना पाहिजे, साहेब."

"मग आजपासून घरी एक पेलाही नाही. अर्ज मंजूर होईपर्यंत एक बाटली सापडली तर अर्ज गेला समजा."

अर्जाला किती कागद लागतात हे मी इथे सांगत बसत नाही. जागेचा नकाशा, पाण्याचा दाखला, आगीचा दाखला, सांडपाण्याचा दाखला. एका कागदावर सही झाली की आधीच्याची मुदत संपलेली असायची. मित्राने रेस्टॉरंटच्या मागची शेड दिली आणि आम्ही भागीदार झालो. त्या काळात मी एक थेंबही बनवला नाही. फक्त मोड आणत राहिलो, हात विसरू नये म्हणून, आणि ते मोड शेजाऱ्याच्या म्हशीला घालायचो.

त्या कागदांत अनुभवाचे दोन दाखले हवे होते. प्रयोगशाळेचा मिळाला. दुसरा मी स्वतः लिहून चाचांकडे नेला. अमुक व्यक्तीने माझ्या बेकरीत खमीर सांभाळण्याचे काम चोख केले आहे, व त्यांच्या पुढील उद्योगास माझ्या शुभेच्छा आहेत, असा. चाचांनी मला तो वाचून दाखवायला लावला, दोनदा. मग पेन मागितलं.

"खमीर सांभाळलं, ये सच है. सच पे सही करने को ना न्हाई."

आणि त्यांनी शुभेच्छांची ओळ एका सरळ रेघेनं खोडली. खाली सही केली. तीच शेपूटवाली.

मला वाटलं, चाचांना मोठेपणाचे शब्द आवडत नाहीत. किती साधा माणूस, असं मी घरी जाऊन बायकोला कौतुकाने सांगितलं.

परवाना हातात आला त्या दिवशी मी तो आधी आईच्या हातात दिला. तिला वाचता येत नाही. तिने कागदावरचा शिक्का बोटाने चाचपला आणि विचारलं, "सरकारचा हाय ना?" मी हो म्हणालो. "मंग बरं हाय."

उद्घाटनाची पत्रिका छापायची वेळ आली. आमच्याकडे पिठाची गिरणी निघाली तरी पत्रिका छापतात, आणि पत्रिकेत सगळ्यात मोठ्या अक्षरात येतं ते एकच नाव, ज्यांच्या शुभहस्ते फीत कापायची त्यांचं. मित्र म्हणाला, एखाद्या पुढाऱ्याला बोलावू. मी म्हणालो, नाही. माझ्या आयुष्यात शुभ हात एकच आहेत. मित्र म्हणाला, "त्यांना विचारलं का?" मी म्हणालो, "विचारायचं काय त्यात? त्यांना सरप्राइज."

वर गणपती, खाली जवाची ओंबी, शेजारी फेसाळता ग्लास. मधोमध सोनेरी अक्षरात हाजी, आणि पुढे चाचांचं पूर्ण नाव. त्यांच्या वडिलांच्या नावासकट. छापखान्यात तो गठ्ठा हातात घेतला तेव्हा माझे डोळे भरून आले होते. अशी पत्रिका मी गुरुवारी सकाळपासून त्यांच्याच गल्लीत, दुकानादुकानांत वाटत फिरलो. चाचांची शेवटी ठेवली होती.

दुपारी बेकरीत गेलो. चाचा गल्ल्यावर बसले होते. काचेवर एक पत्रिका आधीच होती, पालथी.

"आ. पढ."

"चाचा, मी तुमाला शेवटी द्यायला—"

"पढ बोला ना. मराठी मेरे को धीरे आती."

मी वाचायला लागलो. शुभहस्तेपाशी आल्यावर ते म्हणाले, "किसके?"

मी नाव वाचलं.

"मेरे से पूछा था?"

"चाचा, मला वाटलं की—"

"पूछा था क्या?"

"न्हाई."

भट्टीवरचा माणूस काम थांबवून आमच्याकडे बघत होता. चाचांनी आवाज चढवला नाही. "मेरे बाप ने मेरे को दो चीजां दी. एक बरणी, एक नाम. बरणी तेरे को शिकवली. नाम दिया था क्या?"

मी हातातली पत्रिका पाठीमागे लपवली.

"सुबह से तीन लोगां आके गए. हाजीसाब, आप दारू के कारखाने का फीता काट रहे, सुना. कल जुमा है. मैं मस्जिद की कमिटी में हूँ. लोगां अपने झगड़े मेरे पास लाते. कल मैं किस मुँह से जाऊँ, तू बता. तू तो ग्रॅज्युएट है."

त्यांनी एका बोटाने पत्रिका माझ्याकडे सरकवली. "घर जा. मेरे को अभी बात नक्को करू."

बाहेर पडलो तेव्हा ती खोडलेली ओळ मला पहिल्यांदा वाचता आली. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. इथपर्यंत मी, इथून पुढे नाही. माझ्या फॉर्मवर त्यांनी सही केली होती ती मला विचारून, समोर उभं करून. मी त्यांचं नाव घेतलं ते न विचारता, आणि वर त्याला मान म्हणत होतो.

मी त्याच पावली उलटा फिरलो. ज्या ज्या दुकानात पत्रिका दिली होती तिथून ती परत मागितली. प्रत्येक ठिकाणी तेच सांगितलं, चाचांना हे माहीत नव्हतं, मी न विचारता छापलं, चूक माझी. सेठ म्हणाले, "वापस घेऊन राह्यला? आम्ही तर चित्र छान म्हणून देवाजवळ ठेवली होती." बेकरीसमोरच्या टेलर मास्तरांनी मशीन थांबवली, पत्रिका काढून दिली आणि म्हणाले, "भाई, किसी को इज्जत देनी हो तो पहले पूछते, रखने को जगा है क्या उसके पास."

शुक्रवारी मी नमाज सुटायच्या वेळी मशिदीसमोर रस्त्याच्या पलीकडे उभा राहिलो. कमिटीतले एक वयस्कर गृहस्थ बाहेर आले. मी पुढे होऊन सांगायला लागलो तर त्यांनी हात वर करून थांबवलं.

"मालूम है, बेटा. हाजीसाब खुद बोले सबके सामने. बोले, मेरा उस काम से वास्ता न्हाई. छोकरे ने इज्जत करने में गलती की. उसको कोई कुछ नक्को बोलो."

तेवढ्यात चाचा बाहेर आले. चपला घातल्या, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि निघून गेले.

आम्ही फीत कापली नाही. ठरल्या दिवशी सकाळी बायकोने पाण्याचा नळ सोडला, आईने मूठभर ज्वारी पहिल्या टाकीत टाकली, आणि काम सुरू झालं. काम चांगलं सुरू झालं, हे कृतज्ञतेनेच सांगायला हवं. भोकरदनकडचे दोन शेतकरी आता आमच्यासाठी ज्वारी निवडून ठेवतात. प्रयोगशाळेतल्या माझ्या एका जुन्या सहकारी ताई मोड आणायचं काम बघतात आणि माझ्यापेक्षा कडक आहेत. तपासणीला आलेले साहेब टाक्यांकडे बघून म्हणाले, "दवाखान्यासारखं स्वच्छ आहे." मी म्हणालो, शिकवणारा तसा होता. कोण, ते सांगितलं नाही.

पण चाचांकडे जायची हिंमत होईना. पत्र लिहावं असं मनात आलं. अडचण अशी की चाचा मराठी सावकाश वाचतात, लांब मजकूर असला की कोणाकडून तरी वाचून घेतात. म्हणजे माझी माफीही दुसऱ्याच्या तोंडून, चार लोकांत ऐकायची. नाव चारचौघांत नेलं तेवढं पुरे होतं. त्यांना एकट्याला वाचता यावं असं पत्र हवं होतं.

मी टेलर मास्तरांकडे गेलो. "मास्तर, मला उर्दू लिहायला शिकवता का?"

"कायकू? अब उर्दू में पत्रिका छापनी क्या?"

कारण सांगितल्यावर त्यांनी कापायच्या टेबलावर काळं कापड पसरलं आणि कपड्यावर खुणा करायच्या खडूने पहिलं अक्षर काढलं. मग रोज दुपारी, माझ्या जेवणाच्या वेळेत, अर्धा तास. चाळिशीत पुन्हा पाटी धरल्यासारखं वाटलं. माझी अक्षरं, विशेषतः 'क'साठीचं काफ, बघून ते म्हणायचे, "तेरा काफ देख. पाय मोडल्यासारखा पडला आहे." समोर रस्त्यापलीकडे बेकरी होती. चाचांना मी तिथे बसलेला दिसत असणार. त्यांनी कधी विचारलं नाही, मास्तरांनीही कधी सांगितलं नाही.

पाच महिन्यांनी पत्र झालं. अक्षरं उर्दू, भाषा मात्र आमची दोघांची, बरणीजवळ बोलायचो ती. मी ते पाकिटात बंद करून बेकरीचे पाव घरोघर टाकणाऱ्या सायकलवाल्याच्या हाती दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तोच सायकलवाला आमच्या दारात आला. पिशवीत चार खमिरी रोट्या होत्या, अजून गरम. त्यांच्याखाली माझं पत्र होतं. चाचांनी उलट काही लिहिलेलं नव्हतं. माझं शेवटून दुसरं वाक्य त्यांनी एका सरळ रेघेनं खोडलं होतं, आणि खाली सही केली होती. पत्र असं होतं:

चाचा, सलाम.

हे पत्र मी स्वतःच्या हातानं लिहिलंय. अक्षर वाकडं आहे, माफ करा. मास्तरांचा दोष न्हाई, त्यांनी बराबर शिकवलं. दुसऱ्या कोणी वाचू नये म्हणून तुमच्या अक्षरात लिहिलं.

मी तुमचं नाव तुम्हाला न विचारता छापलं. मला वाटलं, मी तुम्हाला मोठं करून राह्यलो. तुमी आधीच मोठे होते. मोठं मला व्हायचं होतं, तुमच्या नावाच्या बाजूला उभं राहून. ही गोष्ट समजायला मला फार टाइम लागला.

पत्रिका सगळ्या परत आणल्या. एकही बाहेर न्हाई. जाळल्या न्हाईत, कारण त्यावर तुमच्या वडिलांचं नाव आहे. कपड्यात बांधून घरी कपाटात ठेवल्या आहेत. तुमी सांगाल तसं करीन. तुमी दिलेला दाखला सरकारच्या फायलीत आहे, तेवढा ठेवावा लागतो. भिंतीवर लावला न्हाई. आमच्या कोणत्याच चीजवर कोणाचं नाव न्हाई. तुमी खोडलेली ओळ मला आता वाचता येते.

मशिदीत तुमी माझ्यासाठी बोलले, ते मला कळलं. मी तुमची मान खाली घातली आन तुमी माझी वर ठेवली. फॉर्मच्या रांगेतही असंच झाल्तं. दोन्ही वेळेला मी लांब उभा होतो.

काम बरं चाललंय. पाणी अजून कोपर बुडवूनच बघतो. मशीन आहे गरमी मोजायची, तरी बघतो. पोरं हसतात.

मला तुमच्याकडं यायचंय. कामाचं काही बोलणार न्हाई, काही मागणार न्हाई. फक्त बसायचंय. या वेळेला आधी विचारून राह्यलो. येऊ का?

तुमी नको म्हणले तर मी त्या गल्लीत पुन्हा तोंड दाखवणार न्हाई.

सकाळी बरणीला आटा कोण देतं आता?